झोपेसाठी अश्वगंधा : घेण्याआधी, घेताना आणि थांबवताना

दिवाळी सरून थंडी पडू लागली की आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात अश्वगंधेची मागणी वाढते. हे वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. बदलले आहे ते मागण्याचे कारण. पूर्वी थंडीत अंगात ताकद यावी किंवा म्हाताऱ्या माणसाचे गुडघे मोकळे व्हावेत म्हणून लोक ही मुळे नेत असत. आता गिऱ्हाईक गल्ल्यापाशी थोडे वाकते, आवाज खाली आणते आणि म्हणते, ‘‘झोप येत नही भाऊ. ती झोपेची पावडर द्या.’’ ताप किंवा खोकला सांगताना कोणी आवाज खाली आणत नाही, पण झोप उडाल्याचे सांगताना आणतात. गर्दीच्या वेळी पुडी बांधता बांधता अशा माणसाशी धड बोलता येत नाही, म्हणून जे सांगायचे राहून जाते ते येथे सविस्तर लिहीत आहे.

अश्वगंधा ही झोपेची पावडर नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. झोपेची गोळी त्याच रात्री, तासाभराच्या आत आपले काम दाखवते. अश्वगंधा घेतल्यावर पहिल्या रात्री, किंबहुना पहिल्या आठवड्यात, बहुतेकांना काहीही जाणवत नाही. तिचा उपयोग होतो तो मनाची सततची तगमग हळूहळू उतरवण्यासाठी, आणि ती उतरली की झोप आपोआप जवळ येते. तिच्या शास्त्रीय नावातला, म्हणजे ‘विथानिया सोम्निफेरा’मधला, दुसरा शब्द लॅटिन भाषेत ‘झोप आणणारी’ असा आहे खरा, पण त्या नावावर विसंबून एका रात्रीत गुण मागणारा माणूस तिसऱ्या दिवशी मात्रा दुप्पट करतो, आणि बहुतेक तक्रारी तेथून सुरू होतात.

पुरावा किती आहे, तेही मोजून सांगतो. २०१२ साली आपल्या देशात झालेल्या एका चाचणीत दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ प्रौढांची निवड करून त्यांच्यातील निम्म्यांना मुळांच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, ६० दिवस दिली गेली, आणि त्या गटात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी उतरलेले आढळले. २०१९ साली निद्रानाश असलेल्या ६० जणांवर तशाच मात्रेने दहा आठवडे चाचणी झाली आणि अर्क घेणाऱ्यांना झोप लागण्यासाठी पडून राहावे लागण्याचा वेळ कमी झाला. २०२१ साली अशा पाच चाचण्यांतील मिळून ४०० लोकांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की झोपेवर होणारा परिणाम लहान आहे, पण खरा आहे, आणि दिवसाला ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक अर्क आठ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांत तो अधिक स्पष्ट दिसतो. ‘लहान पण खरा’ हे शब्द मला पटतात, कारण दुकानातला अनुभवही तेवढाच आहे. जाहिरातीत मात्र यातला फक्त ‘खरा’ उरतो.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

आता मी पुडी बांधण्याआधी प्रत्येकाला काही प्रश्न विचारतो. ही सवय मला उशिरा लागली आणि ती लागण्याचे कारण घरचेच आहे. माझी थोरली बहीण बरीच वर्षे थायरॉइड कमी असल्याची गोळी सकाळी उपाशीपोटी घेते. एका हिवाळ्यात तिने झोपेसाठी अश्वगंधा सुरू केली, तीही दोन-दोन चमचे, आणि ती तिला माझ्याच हाताने तोलून दिलेली होती. ताई घरची, तिला काय विचारायचे, असे मला वाटले. सहा आठवड्यांनी पौषाच्या थंडीत तिला दरदरून घाम फुटू लागला, छातीत धडधड होऊ लागली आणि आधी बारापर्यंत लागणारी झोप पहाटे तीनपर्यंत लागेनाशी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइड वाढले की खाली जाणारा रक्तातला आकडा, खूपच खाली गेलेला होता. अश्वगंधेमुळे थायरॉइडच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढू शकते. त्यात गोळी चालूच असली तर दोन्ही मिळून मात्रा जास्त होते, आणि थायरॉइड वाढल्याचे एक लक्षण म्हणजे झोप उडणे. जी तक्रार घालवायला औषध घेतले तीच औषधाने वाढवली होती. अश्वगंधा बंद केल्यावर काही आठवड्यांत ती पूर्ववत झाली, पण त्या दिवसापासून मी घरच्यांनाही प्रश्न विचारल्याशिवाय डबा उघडत नाही.

थायरॉइडचा कोणताही आजार असेल, कमी असो वा जास्त, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अश्वगंधा सुरू करू नये. गर्भवती स्त्रीने आणि अंगावर दूध पाजणाऱ्या आईने ती घेऊच नये. ‘आमच्याकडे पूर्वीपासून देतात’ हे उत्तर येथे चालत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांमध्ये साखर आणि दाब दोन्ही अधिक उतरण्याचा संभव असतो. झोपेच्या, फिटच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास गुंगी वाढते. संधिवाताचा आमवातासारखा प्रकार, ल्युपस किंवा ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे इतर आजार असलेल्यांनी, तसेच मूत्रपिंड वगैरे अवयव बसवल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी, तिच्यापासून दूर राहावे. पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग असलेल्या पुरुषांनाही ती वर्ज्य आहे, कारण तिच्यामुळे टेस्टोस्टेरॉन वाढू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती किमान दोन आठवडे आधी थांबवावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे. अठरा वर्षांखालील मुलांना परीक्षेच्या ताणासाठी म्हणून मी ती देत नाही. पालक रागावून दुसऱ्या दुकानात जातात, तर जाऊ द्यावेत.

यकृताची गोष्ट थोडी जास्त सांगण्यासारखी आहे. २०२० साली आइसलँड आणि अमेरिका येथील पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अश्वगंधा घेतल्यानंतर काही आठवड्यांत त्यांना कावीळ आणि तीव्र खाज सुरू झाली होती आणि ती बंद केल्यावर ते बरे झाले. पुढे आपल्या देशातूनही अशा नोंदी आल्या, आणि ज्यांचे यकृत आधीच आजारी होते त्यांची अवस्था अधिक बिघडल्याचे त्यांत दिसले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ही बातमी आली तेव्हा आमच्या बाजारात ‘परदेशी लोकांना आपल्या औषधातले काय कळते’ असे पुष्कळांनी म्हटले. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. असा त्रास दुर्मीळ आहे, तरी तो होतो. म्हणून ज्याला पूर्वी कावीळ होऊन गेली आहे, ज्याचे यकृत सुजलेले किंवा चरबीने भरलेले आहे किंवा जो रोज दारू घेतो, त्याने हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

झोप का लागत नाही?

पुढचा प्रश्न असा की झोप न येण्याचे कारण अश्वगंधेच्या आवाक्यातले आहे का. रावेरकडचे एक केळीबागायतदार दोन हिवाळे माझ्याकडून मुळे नेत होते आणि गुण नाही म्हणून सांगत होते. बोलता बोलता कळले की त्यांच्या फिडरवर शेतीपंपाची वीज आलटूनपालटून रात्रीची येते. वीज आली की मोबाइल वाजतो, ते उठतात, मोटार चालू झाली की नाही ते पाहतात, कधी बागेत जाऊन पाण्याची बारी बदलतात, आणि पहाटे येऊन पडतात. हा आजार नव्हताच, हे जागरण होते. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात सकाळी किंवा दुपारी अंधार केलेल्या खोलीत झोपेची भरपाई ठरवून करणे आणि मोटारीचे काम घरातल्या दोघांनी वाटून घेणे, हाच त्यावर उपाय होता. भुसावळच्या रेल्वेतले रनिंग स्टाफचे लोक, दीपनगरच्या वीजकेंद्रातले पाळीवाले यांचेही असेच असते. त्यांनी औषध घ्यायचेच असेल तर घड्याळाकडे न पाहता आपल्या झोपेच्या वेळेआधी घ्यावे आणि पहिले आठ दिवस तरी सुट्टीला लागून असे निवडावेत की गुंगी येते का ते घरीच कळेल. गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्याने हे गंमतीवारी नेऊ नये.

चहाचाही विचार करावा. प्यालेल्या चहा-कॉफीतील कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री आठच्या कडक चहातले निम्मे कॅफिन एक-दोनलाही अंगात असते. तंबाखूही उत्तेजकच आहे. झोपताना गालात बार भरून ‘शांत वाटते’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात झोपेला दूर लोटत असतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुटत जाते. घोरणे मोठे असेल, घोरता घोरता श्वास अडून माणूस दचकून उठत असेल आणि दिवसभर पेंगत असेल, तर तो झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. त्याला अश्वगंधेची मुळी नव्हे, तपासणी लागते.

आणि एक प्रकार असा की ज्यात मी पुडी बांधतच नाही. वादळाने उभी बाग आडवी झाली, सोसायटीचे कर्ज थकले, माणूस जेवत नाही, बोलत नाही, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो आणि ‘आता काय राहिले’ असे म्हणतो. तेव्हा घरच्यांनी त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ ही सरकारची मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न येणे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे. अशा जुनाट निद्रानाशावर जगभर पहिला उपचार म्हणून गोळी सुचवत नाहीत, झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर समुपदेशन-चिकित्सा सुचवतात.

मुळी पारखून घेणे

आपल्याकडे बांधावर आणि गावकुसाच्या पडीक जागेत उगवणारे, करड्या लवेचे, पापुद्र्याच्या फुग्यात लाल फळ धरणारे झुडूप बहुतेकांनी पाहिलेले असते. त्यालाच ढोरगुंज म्हणतात आणि तीच रानटी अश्वगंधा. ती वांगी-मिरचीच्या कुळातली आहे. फुकट मिळते म्हणून ती उपटून आणणारे असतात, पण तिची मुळे बारीक, काष्ठमय आणि धाग्यांनी भरलेली असतात, आणि पापुद्र्यातल्या फळावरून ओळखायला गेलेला माणूस कधी रानपोपटीही घेऊन येतो. बाजारातली मुळी पेरलेल्या पिकाची असते. तिचे मोठे क्षेत्र आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात आहे आणि नीमचची मंडी या मालासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पाऊस ओसरताना, ऑगस्टच्या उत्तरार्धात, हलक्या जमिनीत पेरतात. सुमारे पाच महिन्यांनी पाने वाळू लागली आणि फळे लालसर झाली की झाडे मुळांसकट उपटतात, वरचा शेंडा छाटून मुळांचे तुकडे करतात आणि वाळवतात. म्हणून नवा माल साधारण होळीच्या आगेमागे येतो. पिकवणाऱ्याच्या दृष्टीने हे पीक नाजूक नाही, पण हेक्टरी तीन ते पाच क्विंटलच वाळलेली मुळी निघत असल्याने खरा माल फार स्वस्त मिळणे शक्य नाही, एवढे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावे.

व्यापारात मुळीची प्रतवारी लांबी-जाडीवर होते. पहिल्या प्रतीची मुळी सात सेंटिमीटरपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, गुळगुळीत आणि आतून पांढरीशुभ्र असते. शेवटच्या प्रतीत बारीक, तुटकी, पिवळट तुकड्यांचा भुगा येतो. पारख करायला वजनकाटा लागत नाही. एक मुळी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडावी. चांगली मुळी खडूसारखी ‘टक’ आवाज करून एका झटक्यात मोडते आणि मोडलेल्या तोंडाशी पिठूळ पांढरेपणा दिसतो. न मोडता वाकली तर ती ओली आहे, आणि धागे निघून लोंबू लागले तर ती जून किंवा रानटी आहे. मग मोडलेले तोंड नाकाशी न्यावे. घोड्याच्या तबेल्यासारखा उग्र वास येतो, ज्यावरून तिला हे नाव पडले. वासच नसेल तर माल जुना. जिभेवर ती कडवट आणि किंचित तुरट लागते. आणखी एक गोष्ट पाहावी ती म्हणजे बारीक छिद्रे. या मुळीत पिठूळपणा भरपूर असल्याने तिला भुंगा फार लवकर लागतो, आणि पोते हलवल्यावर तळाशी पीठ गळले तर समजावे की आतून मुळी पोखरलेली आहे. असा माल दळून चूर्ण केला की तो ओळखू येत नाही. म्हणूनच माझा आग्रह असतो की शक्य तेथे अख्खी मुळी घ्यावी आणि समोर कुटून किंवा दळून घ्यावी.

तयार चूर्ण घ्यायचे असेल तर डब्यावर आयुष परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि ‘मूळ’ हा शब्द आहे का ते पाहावे. पाने मिसळणे हा या धंद्यातला जुना आजार आहे. पाला स्वस्त पडतो आणि काही घटक त्यात भरपूर असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पत्र काढून पाने न वापरण्यास सांगितले. फिक्या, मातकट पांढऱ्या चुर्णात हिरवट झाक दिसली तर ते घेऊ नये. चूर्ण एका वेळी महिन्याभराचेच न्यावे, कारण दळल्यानंतर दोन महिन्यांत चुर्णाचे वीर्य, म्हणजे गुण, उतरते असे जुन्या वैद्यकात सांगितले आहे आणि भुंग्याकडे पाहता ते खोटेही नाही. काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे.

मात्रा आणि दुधातली कृती

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, तो चूर्ण आणि अर्क यांच्यात. वर सांगितलेल्या चाचण्यांतील ३०० मिलिग्रॅम हा घट्ट केलेला अर्क आहे. तेवढेच साधे चूर्ण घेतले तर ते चिमूटभर होईल, आणि उलट चुर्णाच्या चमच्याच्या हिशेबाने अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर मात्रा कितीतरी पटींनी वाढेल. दोन्हींतले एकच घ्यावे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मुळीच्या चुर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे. माझ्या मते नव्या माणसाने पहिला आठवडा रात्री दीड ग्रॅमवर राहावे, पोट बिघडले नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून ३ ग्रॅम घ्यावे, आणि त्यापुढे जायचे असेल तर वैद्यांना विचारूनच जावे. चहाचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, परंतु चूर्ण किती बारीक आहे त्यावर हे बदलते आणि आपल्याकडे सपाट चमचा कोणी भरत नाही, शीग लावूनच भरतात. म्हणून दुकानातच ३ ग्रॅमच्या सात पुड्या करून मागाव्यात. आमच्याकडे त्यासाठी सराफाचा छोटा काटा ठेवलेला आहे. जळगावात तो मिळायला अडचण नाही.

दुधात घेण्याची जुनी रीत क्षीरपाकाची. तिचे शास्त्रोक्त प्रमाण औषध एक भाग, दूध आठ भाग आणि पाणी बत्तीस भाग असे आहे, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत ते उकळायचे. घरी रोज एवढे आटवत बसणे होत नाही, त्यामुळे मी सांगतो ती कृती सोपी केलेली आहे. भरड कुटलेली ३ ग्रॅम मुळी जाड बुडाच्या पातेल्यात घ्यावी, तीवर एक कप दूध आणि एक कप पाणी घालावे आणि मंद आचेवर ठेवावे. पहिली पाच मिनिटे सारखे ढवळावे, कारण मुळीतला पिठूळपणा तळाला बसतो आणि करपला की सगळ्या दुधाला धुरकट कडवटपणा येतो. उकळी आल्यावर दूध उतू जाण्याची घाई करते, तेव्हा पातेल्यावर लाकडी उलथणे आडवे ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटांत दोन कपांचा एक कप होतो आणि दुधाचा रंग बदलून फिक्या मातीसारखा होतो. मग गाळून, अर्धा चमचा तूप घालून, सोसवेल इतके गरम असताना प्यावे. मधुमेह नसेल तर थोडी खडीसाखर चालते. मध घालायचा असेल तर दूध कोमट झाल्यावर घालावा आणि मग तूप घालू नये, कारण ही दोन्ही समप्रमाणात एकत्र घेऊ नयेत असा वैद्यकात दंडक आहे. वस्त्रगाळ चूर्ण असेल तर गाळण्याची गरज नाही. ते आधी चमचाभर तुपात कालवून मग दुधात घालावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दूध न पचणाऱ्याने जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर घ्यावे. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ आणि जुलाब होतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

वेळ झोपेच्या तास-दीड तास आधीची, म्हणजे जेवण होऊन थोडा वेळ गेल्यावरची. दिवसाही घाबरल्यासारखे होत असेल तर मात्रा अर्धी-अर्धी करून सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्री घ्यावी. सकाळच्या मात्रेने सुस्ती आली तर पुन्हा सगळी रात्रीवर आणावी. ऋतूचाही विचार करावा. ही मुळी उष्ण मानली जाते, आणि आमच्या खानदेशात चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा छातीत जळजळ, तोंड येणे, घोळणा फुटणे अशा तक्रारी घेऊन तीच मंडळी परत येतात. माझा सल्ला असा की सुरुवात कार्तिकापासून माघापर्यंतच्या काळात करावी. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कोणी सुरू करायला आले तर मी त्यांना गच्चीवर पाणी मारून तेथे झोपायला सांगतो, कारण त्या दिवसांत झोप उकाड्यानेच गेलेली असते.

अश्वगंधारिष्टाविषयी थोडक्यात. ते आंबवून तयार होते आणि त्यात आपोआप निर्माण झालेले मद्य असते. दारू सोडलेल्या माणसाला ते देऊ नये, घरच्यांनी प्रेमाने आणले तरी.

दिनदर्शिकेवरची नोंद

गुण आला की नाही, हे आठवणीवर ठरवता येत नाही. वाईट रात्र लक्षात राहते, बरी रात्र विसरते. आपल्या घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिण्याची पद्धत आहेच. त्याच चौकोनात दुसऱ्या शाईने तीन आकडे लिहावेत: अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंत अंदाजे किती मिनिटे गेली, रात्री किती वेळा जाग आली, आणि सकाळी किती वाजता उठलो. घड्याळ उशाशी ठेवून दर वेळी पाहू नये, सकाळी अंदाजाने लिहावे. पहिला आठवडा काहीही न घेता फक्त नोंद करावी. हा आठवडा बहुतेकांना वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु पुढे तुलना करायला आधार त्याचाच असतो, आणि कित्येकांना याच आठवड्यात समजते की आपण समजतो त्याहून जास्त झोपतो. नंतर मुळी सुरू करावी आणि बाकी सवयींत त्याच वेळी मोठे बदल करू नयेत. चहा सोडला, फिरणे सुरू केले आणि अश्वगंधाही घेतली, तर झोप कशाने आली ते कळणार नाही. त्यामुळे चहा-तंबाखूचा बंदोबस्त आधी करावा, त्यानेच काम भागले तर मुळीचे पैसे वाचले.

सोबत आणखी काय घ्यावे, असे विचारणारे पुष्कळ असतात. ब्राह्मी सौम्य आहे, पण तिचाही परिणाम आठवड्यांनीच दिसतो. तगर आणि जटामांसी यांचा गुंगीकडे कल अधिक असल्याने त्या वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. शिवाय जटामांसी हिमालयात झपाट्याने दुर्मीळ होत चालली आहे, तेव्हा उगाच मागू नये. जायफळाचे सहाणेवर दोन-तीन वळसे दुधात चालतात, मात्र चमचाभर पूड विषारी ठरते, त्याने भ्रम होतो. सर्पगंधा घरी कधीच घेऊ नये. तिच्यातील रेसर्पिन रक्तदाब धोकादायक रीतीने खाली आणू शकते आणि मनाची उदासी वाढवते. नाव नसलेल्या ‘खास झोपेच्या’ पुड्यांमध्ये ती असण्याची शंका घ्यावी आणि त्या परत कराव्यात.

केव्हा थांबावे

डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज, भूक मरणे, उजव्या कुशीत दुखणे यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी अश्वगंधा बंद करून डॉक्टरांकडे जावे, यकृताची तपासणी करावी आणि आपण काय घेत होतो तो डबाच बरोबर न्यावा. ‘आयुर्वेदिक आहे, सांगायची गरज नाही’ असे समजून पुष्कळ जण ते लपवतात आणि डॉक्टर निदान भलतीकडे शोधत बसतात. छातीत धडधड, हात थरथरणे, वजन अकारण उतरणे यांसाठी थायरॉइड तपासावे. साधे जुलाब किंवा पोटदुखी असेल तर मात्रा अर्धी करून आठ दिवस पाहावे.

त्रास काहीच नसेल तरी मुदत आठ आठवड्यांची धरावी, फार तर बारा. बहुतेक चाचण्या एवढ्याच काळाच्या आहेत, त्यापुढच्या वर्षानुवर्षांच्या वापराला तसा आधार नाही. चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिनदर्शिकेची पाने शेजारी धरून पाहावीत. काडीचाही फरक नसेल तर आठव्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी, आणि तेव्हाही नसेल तर मात्रा वाढवत न बसता ती सोडून कारण शोधावे. फरक पडला असेल तर मुदत संपल्यावर ३ ग्रॅमचे दीड करून एक आठवडा घ्यावे आणि मग बंद करावे. बंद केल्यानंतरही दोन आठवडे चौकोनात तेच तीन आकडे लिहीत राहावे. झोप टिकली तर उरलेली अख्खी मुळी, पाकीट फोडलेले नसल्यास, दुकानात परत करावी, आम्ही घेतो. दळलेले चूर्ण मात्र परत घेत नाही, आणि ते पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवूही नये, कारण तोवर बरणीत भुंग्यांशिवाय काही उरलेले नसते.